साखर बंद करून गूळ आणला, तरी रिपोर्ट तसाच का?

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या एका शिक्षिकेने हा प्रश्न विचारला आहे. त्यांचे यजमान ४६ वर्षांचे असून इतवारीत त्यांचे दुकान आहे. उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, पोटाचा घेर ९४ सेंटिमीटर. ते दारू पीत नाहीत, मिठाईचा शौकही नाही. तरीही सोनोग्राफीत पहिल्या श्रेणीचे फॅटी लिव्हर (यकृतात साठलेली चरबी) निघाले, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४८ आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी) ६.१ आले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी घरातली साखर पूर्ण बंद केली आणि चार माणसांसाठी महिन्याला चार किलो गूळ आणायला सुरुवात केली. परवाच्या तपासणीत मात्र काहीच फरक दिसला नाही. आता सासूबाई मध सुचवत आहेत, दुकानाशेजारचे औषधवाले शुगर-फ्री गोळ्या सुचवत आहेत, आणि फळेही बंद करावीत का, दहा वर्षांच्या मुलीचे काय करावे, असे त्यांना विचारायचे आहे.

ताई, तुम्ही कष्ट घेतलेत आणि त्याचे फळ दिसले नाही, म्हणून तुमचा विश्वास डळमळला असेल. पण तुमची दिशा चुकलेली नाही, फक्त हिशेब अर्धा राहिला आहे. तुम्ही साखरेचे नाव बदललेत, तिचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले आणि दुकानावरच्या चहाची साखर तर कोणीच मोजली नाही.

आधी रिपोर्टाविषयी दोन गोष्टी सांगतो. एचबीए१सी ५.७ ते ६.४ या पट्ट्यात असेल तर त्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात, आणि उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड १५० च्या आत असावे लागते. तुमच्या यजमानांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २४ येतो. हा आकडा पाहून 'वजन तर ठीक आहे' असे घरोघरी म्हटले जाते, पण आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त वजन धरतात आणि पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरपलीकडे गेला की तो धोक्याचा मानतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगाला फार सोप्या रीतीने दाखवून दिले. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसाच्या पोटात आणि यकृतात चरबी साठलेली असू शकते आणि अशा शरीराला जास्तीची साखर लवकर बाधते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील माणसे असल्याचा अंदाज निघाला, त्यामागे हेही एक कारण आहे.

मी गेली २६ वर्षे नागपुरात फिजिशियन म्हणून काम करतो आहे. सुरुवातीच्या काळात मी प्रत्येक रुग्णाला विचारत असे, "गोड खाता का?" आणि बहुतेक जण मनापासून "नाही" म्हणत. ते खोटे बोलत नव्हते. आपल्या भाषेत 'गोड' म्हणजे जिलेबी, श्रीखंड, पुरणपोळी. चहा हा गोडात धरलाच जात नाही आणि उन्हातून आल्यावर घेतलेला उसाचा रसही नाही. पुढे मी प्रश्न बदलला. आता मी विचारतो, "महिन्याच्या किराण्यात साखर आणि गूळ मिळून किती किलो येतात आणि घरात माणसे किती?" या एका प्रश्नाने जे कळते ते अर्ध्या तासाच्या गप्पांतूनही कळत नाही. तुमचेच पाहा. चार किलो गूळ, चार माणसे, तीस दिवस. म्हणजे माणशी रोज सुमारे ३३ ग्रॅम, आणि हे फक्त घरातले.

आता दुकान. तुम्ही लिहिले आहे की गिऱ्हाइकांसोबत दिवसाकाठी सहा-सात चहा होतात. टपरीचा कप लहान असला तरी चहा गोडच असतो, कारण तो भांड्यातच साखर घालून उकळलेला असतो. एका लहान कपात ६ ग्रॅम साखर धरली तरी सहा कपांचे ३६ ग्रॅम झाले. घरचे आणि बाहेरचे मिळून तुमच्या यजमानांच्या पोटात रोज ७० ग्रॅमच्या आसपास साखर जाते, तीही मिठाईचा एक तुकडा न खाता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दिवसभराच्या एकूण ऊर्जेपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा अशा साखरेतून यावी आणि शक्य असेल तर ती ५ टक्क्यांच्या खाली ठेवावी. २००० कॅलरींच्या आहारात १० टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. चमच्यांत सांगायचे तर सपाट भरलेले पाच-सहा चमचे. ही मर्यादा 'मुक्त साखरे'साठी आहे, म्हणजे वरून घातलेली साखर, गूळ, मध, सरबते आणि फळांचा रस हे सगळे त्यात आले. अख्ख्या फळातील आणि दुधातील नैसर्गिक साखर त्यात मोजत नाहीत.

हे शरीरात कसे घडते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण कारण कळले की पथ्य पाळणे सोपे जाते. साखरेचा प्रत्येक कण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोघांच्या जोडीने बनलेला असतो. ग्लुकोज रक्तातून शरीरभर जाते; स्नायू, मेंदू सगळे ते वापरतात आणि त्यासाठी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावे लागते. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा आहे. ते थोडे असेल तर लहान आतडेच त्यातले बरेचसे निस्तरते, पण एकदम जास्त आले की बहुतेक भार यकृतावर पडतो. ग्लुकोज जाळण्याच्या वाटेवर यकृतात एक अडसर असतो. पेशीत ऊर्जा पुरेशी असली की तो आपोआप आवळला जातो. फ्रुक्टोज त्या अडसराच्या पुढच्या टप्प्यावर आत शिरते, त्यामुळे गरज असो वा नसो, त्याचे विघटन चालूच राहते. उरलेल्या मालाची यकृत चरबी बनवते. त्यातली काही यकृतातच थेंबाथेंबाने साठते, ते सोनोग्राफीत फॅटी लिव्हर म्हणून दिसते. काही रक्तात पाठवली जाते, ती ट्रायग्लिसराइड म्हणून दिसते. याच धावपळीत युरिक आम्लही वाढते. चरबीने भरलेले यकृत इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग रात्री उपाशी असतानाही ते रक्तात साखर सोडत राहते. तुमच्या हातातले तिन्ही निष्कर्ष, फॅटी लिव्हर, ट्रायग्लिसराइड आणि एचबीए१सी, असे एकाच माळेचे मणी आहेत.

यातला पातळ आणि घन हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. पेयातली साखर चावावी लागत नाही, पोटात लवकर पुढे सरकते आणि तिने पोट भरल्याची जाणीव होत नाही. एक लाडू खाल्ला तर माणूस एक पोळी कमी खातो. तेवढीच साखर सरबतातून घेतली तर जेवण जेवढ्यास तेवढेच होते. २०१५ साली 'बीएमजे'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, रोज एक गोड पेय घेणाऱ्यांना टाइप २ मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त आढळले आणि वजनाचा परिणाम वजा करूनही ते १३ टक्क्यांनी जास्तच राहिले. २००९ साली कॅलिफोर्नियातील एका प्रयोगात एका गटाला ग्लुकोजची आणि दुसऱ्याला फ्रुक्टोजची पेये दहा आठवडे दिली होती. वजन दोन्ही गटांचे सारखेच वाढले, पण पोटातील अवयवांभोवतीची चरबी फ्रुक्टोजच्या गटात ठळकपणे वाढली. तो प्रयोग निव्वळ फ्रुक्टोजचा आणि मोठ्या मात्रेचा होता, रोजच्या चहाचा नव्हता, हे लक्षात ठेवूनच त्याचा अर्थ लावायला हवा.

हृदयाविषयीही असेच संयमाने बोलले पाहिजे. अमेरिकेतील २०१४ च्या एका मोठ्या पाहणीत, एकूण ऊर्जेचा २५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग वरून घातलेल्या साखरेतून घेणाऱ्यांचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका, १० टक्क्यांपेक्षा कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत पावणेतीन पट आढळला. ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. इतकी साखर खाणाऱ्यांच्या इतर सवयीही वेगळ्या असतात. साखर म्हणजे विष, साखरेने मुले सैरभैर होतात अशी विधाने मोबाइलवर फिरतात. त्यातल्या मुलांविषयीच्या समजुतीला १९९५ साली झालेल्या प्रयोगांच्या एकत्रित पडताळणीत आधार मिळाला नाही. अतिशयोक्तीने माणसे घाबरतात, चार दिवस सगळे सोडतात आणि पाचव्या दिवशी पूर्ववत होतात, म्हणून मी ती टाळतो.

उलट, साखर कमी केली की सुधारणा होते याला चांगला आधार आहे. फॅटी लिव्हर असलेल्या ११ ते १६ वयाच्या ४० मुलांवर अमेरिकेत झालेला प्रयोग २०१९ साली 'जामा'त प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांच्या घरचा आहारच असा बदलला की मुक्त साखर ३ टक्क्यांच्या खाली येईल. आठ आठवड्यांत त्यांच्या यकृतातील चरबी सरासरी २५ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर आली. नेहमीचा आहार घेणाऱ्यांची २१ वरून जेमतेम २० झाली. दोन महिन्यांत यकृत एवढे हलके होत असेल, तर तुमच्या यजमानांनी निराश होण्याचे काहीच कारण नाही.

आता गूळ. गुळाविषयी आपल्या मनात जी माया आहे ती मला समजते; पाहुण्याच्या हातावर गूळ-पाणी ठेवणाऱ्या घरात मीही वाढलो आहे. पण रसायनाच्या दृष्टीने गूळ म्हणजे मुख्यतः तीच उसाची साखर, शिवाय थोडे ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडे पाणी आणि थोडी खनिजे. यकृताला ती साखर कोणत्या रंगाची होती हे कळत नाही. गुळातल्या लोहाचा फार गवगवा होतो. १०० ग्रॅम गुळात प्रतीनुसार साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते आणि प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिलिग्रॅम आहे. म्हणजे लोहासाठी गूळ खायचा तर रोज अर्धा किलोहून जास्त खावा लागेल. त्यातही गूळ साखरेपेक्षा कमी गोड लागतो, म्हणून तो हात सैल सोडून घातला जातो. मधात सुमारे ८० टक्के साखर असते आणि उरलेले बहुतेक पाणी. सासूबाईंना दुखवू नका. खोकल्यासाठी चमचाभर मध त्यांनी खुशाल घ्यावा, पण रोज सकाळी कोमट पाण्यातून यजमानांना देऊ नये.

फळे मात्र बंद करू नका, आणि नागपुरात राहून संत्रे तर मुळीच नको. एका मध्यम संत्र्यात १० ते १२ ग्रॅम नैसर्गिक साखर असते, पण ती चोथ्यात गुंतलेली असते, फोडी सोलून खायला पाच मिनिटे लागतात आणि दोन संत्र्यांनी पोट भरते. तेच तीन-चार संत्र्यांचा रस काढला की पेलाभर होतो, चोथा चाळणीत राहतो आणि २० ग्रॅमहून जास्त साखर दोन घोटांत पोटात जाते. संत्रा बर्फीची गोष्ट वेगळी. तिच्यात संत्रे नावापुरते आणि साखर-खवा भरपूर, म्हणून ती मिठाईच्याच खात्यात टाका.

आपल्या उन्हाळ्याविषयी स्वतंत्र लिहावे लागेल. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा रसवंतीवर गर्दी होते आणि फ्रिजमध्ये कोल्ड्रिंकच्या बाटल्या येतात. उसाच्या रसाच्या पेल्यात साधारण ३० ग्रॅम साखर असते. कोल्ड्रिंकमध्ये दर १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम, म्हणजे ३०० मिलिलिटरला तेवढीच. माझ्याकडे येणाऱ्या एका वायरिंग करणाऱ्या कामगाराचे ट्रायग्लिसराइड दर जूनमध्ये चढलेले असे आणि डिसेंबरमध्ये उतरलेले. कारण शोधायला मला दोन वर्षे लागली. एप्रिल-मे महिन्यांत तो छतावरच्या कामातून उतरला की दिवसाला तीन बाटल्या कोल्ड्रिंक पीत असे आणि त्यालाच 'पाणी पितो' म्हणत असे. त्या बाटल्यांच्या जागी मठ्ठा, लिंबू-मीठ-पाणी आणि माठातले पाणी आले, आणि पुढच्या जूनचा रिपोर्ट डिसेंबरसारखाच आला. पन्हे करताना गराच्या दुप्पट गूळ घालण्याची रीत आहे, तो निम्म्याने कमी करून जिरे, मीठ आणि पुदिना वाढवा. आंबटपणाची सवय होते.

इथे एक सावधगिरीची सूचना. लू लागली, जुलाब झाले तर ओआरएस द्यायला कचरू नका. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरमध्ये फक्त १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते आणि ते चवीसाठी नसून आतड्यातून मीठ-पाणी आत ओढले जावे म्हणून असते. मात्र फळांच्या चवीची, ओआरएस असे नाव मिरवणारी गोड पेये कित्येक वर्षे औषधांच्या दुकानांत विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र असे लिहिलेले आहे का, ते पाहा.

मुलीकडे वळू. तिच्या दुधातली माल्टची पावडर, डब्यातली बिस्किटे आणि खोक्यातला ज्यूस या तिन्ही वस्तू आपण 'पौष्टिक' समजून देतो. साध्या चहा-बिस्किटांच्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा साखर असते आणि बाजारातल्या कित्येक माल्ट पावडरींत तर एक तृतीयांशापर्यंत असते. पाकिटामागच्या तक्त्यात 'टोटल शुगर्स'खाली 'अ‍ॅडेड शुगर्स' असा वेगळा आकडा छापलेला असतो. तो वाचायला तिलाच शिकवा. घटकांची यादी जास्त वजनाकडून कमी वजनाकडे असते, म्हणून साखर पहिल्या तिनांत असेल तर ती वस्तू गोळी-चॉकलेटाच्या रांगेतली समजा. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, फ्रूट कॉन्सन्ट्रेट ही साखरेचीच टोपणनावे. २०२५ साली सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड', म्हणजे साखरेची माहिती देणारा फळा, लावायला सांगितले आहे; तुम्ही शिक्षिका आहात, तुमची शाळा कोणत्याही मंडळाची असो, असा फळा वर्गात लावणे तुमच्या हातात आहे.

दातांच्या बाबतीत किती खाल्ले याबरोबरच किती वेळा खाल्ले हेही मोजावे लागते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि दर खेपेला दाताचे कवच थोडा वेळ त्या आम्लात भिजते. दिवसभर थोडे थोडे गोड चघळणारे मूल एकदाच पोटभर गोड खाणाऱ्या मुलापेक्षा जास्त दात किडवून घेते.

तुमच्या नणंदबाईंना दिवस गेले आहेत असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, म्हणून हेही सांगतो. ब्रिटनमध्ये साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये संपले. त्याच्या थोडे आधी आणि थोडे नंतर जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली 'सायन्स'मध्ये आली. गर्भात असताना आणि पहिल्या दोन वर्षांत रेशनची साखर मिळालेल्यांना पुढच्या आयुष्यात टाइप २ मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला. बाळाला दोन वर्षांपर्यंत वरून साखर-गूळ घालू नये, खिमटीतही नाही.

शुगर-फ्री गोळ्यांविषयी माझे मत थोडे कडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी या गोळ्या वापरू नयेत अशी शिफारस केली. आधीच मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही. तुमचे यजमान अजून त्या पायरीवर नाहीत, आणि गोळीने चहा तेवढाच गोड राहतो, म्हणजे जिभेची मागणी तशीच राहते. मुलीला तर त्या देऊच नका.

त्यापेक्षा जिभेला वेळ द्या. घरच्या चहात दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा. सहा ते आठ आठवड्यांत जीभ जुळवून घेते आणि मग पूर्वीचा चहा पाकासारखा लागतो. दुकानावर मात्र संकोच आड येतो, गिऱ्हाइकासमोर फिका चहा मागायला माणूस लाजतो. त्यावर मी सुचवलेला आणि टिकलेला उपाय असा की टपरीवाल्याला रोजचे दोन बिनसाखरेचे कप आधीच सांगून ठेवायचे आणि बाकीच्या वेळी गिऱ्हाइकासोबत पाण्याचा पेला हातात धरायचा. चार माणसांच्या घरात साखर, गूळ, मध मिळून महिन्याला दोन किलोच्या वर जाऊ देऊ नका. माणशी २५ ग्रॅमप्रमाणे तीन किलो होतात, पण बाहेरच्या खाण्यात लपलेल्या साखरेसाठी एक किलोची जागा मोकळी ठेवायला हवी.

सणाचे गोड बंद करायची गरज नाही. तान्ह्या पोळ्याला मुलगी लाकडी बैल घेऊन घरोघरी जाईल तेव्हा तिच्या हातावर पडणारा पेढा तिला खाऊ द्या. पुरणपोळी जेवणासोबत, मोजून एक, आणि त्या दिवशी भात नाही, एवढे पुरे.

भाताचे नाव काढलेच आहे तर स्पष्ट सांगतो, एचबीए१सी फक्त साखर सोडून पूर्ण खाली येईलच असे नाही. आपल्या जेवणात भात, पोहे, मैदा यांचा वाटा फार मोठा असतो आणि त्यांचेही शेवटी ग्लुकोजच होते. रात्री भाताऐवजी ज्वारीची भाकर, वरण घट्ट, भाजी दुप्पट आणि जेवणानंतर अर्धा तास चालणे हे साखरेच्या बरोबरीने सुरू करा. चेन्नईच्या २००६ च्या अभ्यासात आहार आणि व्यायाम यांच्या जोरावर मधुमेहपूर्व अवस्थेतून मधुमेहात जाण्याचे प्रमाण तीन वर्षांत सुमारे २८ टक्क्यांनी घटले होते आणि ते सगळे आपल्यासारखेच भात-पोळी खाणारे लोक होते.

ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच उतरायला लागते, एचबीए१सीला मात्र तीन महिने द्यावे लागतात, कारण तो तेवढ्या काळाची सरासरी सांगतो. म्हणून महिन्या-महिन्याला तपासण्या करून पैसे घालवू नका. तीन महिन्यांनी उपाशीपोटी लिपिड, एचबीए१सी आणि यकृताची एन्झाइम तपासा, पोटाचा घेर मोजा आणि येताना रिपोर्टासोबत त्या तीन महिन्यांच्या किराण्याच्या पावत्याही घेऊन या.